शहाणी असल्याचा पुरावा म्हणून एक व्याख्यान: मै झियादाचं प्रकरण, १९३६ ते १९३८

२२ मार्च १९३८ रोजी बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात, वेस्ट हॉलमध्ये, बावन्न वर्षांच्या एका लेखिकेचं व्याख्यान होतं. विषय होता अरब जीवनात साहित्यिकाचं काम काय. ‘अल-उर्वा अल-वुथ्का’ या विद्यार्थी मंडळाने बोलावलेलं. एरवी अशा विषयाला प्राध्यापक, थोडे विद्यार्थी आणि वर्तमानपत्रात चार ओळी, एवढंच मिळतं. त्या दिवशी मात्र सभागृह गच्च भरलं होतं, कारण बोलणारी बाई कायद्याच्या लेखी वेडी होती. तिच्या पैशांवर, घरावर, सहीवर तिचा हक्क उरलेला नव्हता. ती सरळ उभी राहते का, मुद्द्याला मुद्दा जोडते का, मध्येच भरकटते का, हे बघायला लोक आले होते.

ती मै झियादा. मराठी वाचकाला ती माहीत असलीच तर खलील जिब्रानची पत्रमैत्रीण म्हणून, दोघं आयुष्यात एकदाही भेटली नाहीत या हळव्या तपशिलासकट. ही ओळख चुकीची नाही, पण फार तोकडी आहे. अरबी साहित्याच्या इतिहासात मैचं खरं स्थान वेगळं आहे: आधुनिक काळातल्या अरब लेखिकांवर पुस्तकभर समीक्षा लिहिणाऱ्या पहिल्या काही अभ्यासकांत ती मोडते, आणि बाईने सार्वजनिक जागेत कसं उभं राहावं याचा प्रयोग तिने स्वतःवर केला. तो प्रयोग कुठे टिकला आणि कुठे कोसळला, हे १९३६ ते १९३८ या दोन वर्षांत स्पष्ट दिसतं. म्हणून हे प्रकरण.

मैचा जन्म ११ फेब्रुवारी १८८६ चा, पॅलेस्टाइनमधल्या नाझरेथचा. वडील इलियास झियादा लेबननच्या किसरवान डोंगराळ भागातले मारोनी पंथाचे ख्रिस्ती, आई पॅलेस्टिनी. शिक्षण आधी नाझरेथला, मग लेबननमध्ये अइन्तूराच्या ख्रिस्ती नन चालवत त्या शाळेत, तेही बहुतेक फ्रेंचमधून. १९०७-०८ च्या सुमारास कुटुंब कैरोला आलं. तिथे वडील ‘अल-महरूसा’ हे वर्तमानपत्र चालवू लागले. मैचं पहिलं पुस्तक १९११ मध्ये निघालं ते फ्रेंच कवितांचं, ‘इसिस कोपिया’ या टोपणनावाने. अरबी तिने नंतर हट्टाने कमावली.

त्या भाषेत तिने सभेपुढे पहिल्यांदा तोंड उघडलं २४ एप्रिल १९१३ ला, कैरोच्या विद्यापीठात. कवी खलील मुतरानचा सत्कार होता. न्यूयॉर्कहून जिब्रानने पाठवलेला मजकूर तिने वाचून दाखवला आणि त्याला आपलं भाष्य जोडलं. प्रेक्षकांत पुढे मोठा इजिप्शियन लेखक झालेला ताहा हुसेन होता, तेव्हा विशीतला विद्यार्थी. लहानपणीच दृष्टी गेलेल्या या माणसाने आपल्या आत्मकथनात नोंदवलंय की त्या समारंभातलं बाकी काही त्याला फारसं भिडलं नाही, एका मुलीचा आवाज मात्र मनात राहिला. पुढे संपादक-विचारवंत अहमद लुत्फी अल-सय्यद त्याला तिच्या घरी घेऊन गेला.

त्या घरची मंगळवारची बैठक पुढची जवळजवळ वीस वर्षं चालली. कोण यायचं त्याची यादी वाचली तर त्या पिढीच्या अरबी साहित्याची अनुक्रमणिका वाटते: लुत्फी अल-सय्यद, ताहा हुसेन, अब्बास महमूद अल-अक्काद, मुतरान, मुस्तफा सादिक अल-राफिई, ‘अल-मुक्ततफ’ या मासिकाचा संपादक याकूब सर्रूफ. उत्क्रांतिवादाचा कट्टर प्रचारक डॉ. शिबली शुमय्यिल आणि कुराणाच्या शैलीवर जीव टाकणारा परंपरावादी राफिई, अशी दोन टोकांची माणसं या एकाच बैठकीला वेगवेगळ्या काळात आली. मै चर्चा चालवायची, भांडण चिघळू द्यायची नाही, कुणाला बोलतं करायचं आणि कुणाला आवरायचं हे तिला पक्कं कळायचं.

या बैठकीवर लिहिणारे बहुतेक जण तिच्या मोहकतेवर पानं खर्च करतात. कुणाला ती आवडायची, कुणी तिच्यावर कविता लिहिली, अक्कादशी नक्की काय होतं. मला जास्त महत्त्वाची वाटते ती साधी व्यवस्थेची बाजू. १९१३ च्या कैरोत अविवाहित बाई परक्या पुरुषांना घरी कशी बोलावू शकत होती? उत्तर असं की घर आईवडिलांचं होतं आणि दोघं घरात असायची. वडिलांच्या हाती वर्तमानपत्र होतं, म्हणजे लेख छापायला जागा होती. कुटुंब सीरियन-लेबनीज ख्रिस्ती स्थलांतरितांचं होतं, म्हणजे कैरोच्या मुस्लिम मध्यमवर्गाचे दंडक त्याला तंतोतंत लागू नव्हते. या तीन आधारांवर ती बैठक उभी होती. तीनपैकी एकही मैच्या स्वतःच्या नावावर नव्हता.

ज्या कामासाठी तिला अभ्यासक म्हणायचं ते १९२० पासूनचं. सर्रूफच्या आग्रहाने तिने तीन लेखिकांवर तीन अभ्यास लिहिले. पहिला मलक हिफ्नी नासिफवर. मलकही १८८६ चीच. ‘बाहिथत अल-बादिया’, म्हणजे वाळवंटातली शोधक, या नावाने ती लिहायची. १९११ च्या इजिप्शियन काँग्रेसपुढे तिने स्त्रियांच्या दहा मागण्या पाठवल्या होत्या. लग्न होऊन फय्यूमला गेल्यावर नवऱ्याला आधीची बायको आहे हे तिला कळलं, आणि बहुपत्नीत्वावर तिने लिहिलं ते सोसून लिहिलं. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात ती एकतिसाव्या वर्षी गेली.

मैने पुस्तकाची रचना कशी केली ते बघण्यासारखं आहे. एकेक प्रकरण एकेका भूमिकेला दिलं: बाई, मुस्लिम, इजिप्शियन, लेखिका, समीक्षक, सुधारक. शेवटी स्त्रीमुक्तीवर लिहिणाऱ्या इजिप्शियन कासिम अमीनशी तुलना. म्हणजे ‘स्त्री’ हा एकच मोठा डबा घेऊन त्यात मलकला कोंबण्याऐवजी तिने तिच्या सार्वजनिक आयुष्याचे थर सुटे करून दाखवले. एका लेबनीज ख्रिस्ती बाईने इजिप्शियन मुस्लिम बाईवर हे लिहावं, यातही तेव्हा धाडस होतं. तिने ते निभावलं, कारण मलकची बाजू घेताना ती तिच्याशी वादही घालते. जिब्रानशी तिची ओळख झाली तीही वादातूनच. १९१२ मध्ये त्याची एक कादंबरी वाचून तिने त्याला लिहिलं की लग्नाबद्दलची तुझी भूमिका मला मान्य नाही. भक्तिभाव हा तिचा प्रांत नव्हता.

दुसरा अभ्यास लेबनीज कवयित्री वर्दा अल-याझिजीवर, तो आटोपशीर आहे. तिसरा आयेशा तैमूरवर (१८४०–१९०२), आणि आपल्या प्रकरणासाठी सगळ्यांत बोलका तोच. आयेशा अरबी, तुर्की आणि फारसी अशा तीन भाषांत कविता करायची. लहानपणी आई भरतकामाला बसवायची, मुलगी वहीकडे पळायची, शेवटी बापाने मध्ये पडून तिला शिक्षक लावले. पुढे आयेशाची अठरा वर्षांची मुलगी तौहीदा वारली. आयेशाने सात वर्षं शोक केला, लिहिणं थांबवलं, रडून डोळे बिघडवून घेतले. मग हळूहळू परत लिहायला लागली.

सात वर्षं. त्या काळात तिला कुणी वेडी ठरवलं नाही. घर होतं, मुलगा होता, तैमूर घराण्याचा दबदबा होता. तिचा शोक घरातल्या घरात राहू शकला.

मैच्या बाबतीत काय झालं? १९२९ मध्ये वडील गेले. एप्रिल १९३१ मध्ये न्यूयॉर्कला जिब्रान गेला. १९३२ मध्ये आई गेली. भाऊ बालपणीच वारलेला, लग्न केलेलं नाही. सर्रूफ १९२७ मध्येच गेला होता. तिने युरोपचा प्रवास करून पाहिला, इटलीत राहून पाहिलं. कैरोला परतल्यावर बैठक बंद, दार बंद, जेवणखाण्याकडे लक्ष नाही, सिगारेटी वाढल्या, कुणी आपल्या वाईटावर आहे अशी भीती. ती आजारी होती का? मला वाटतं होती, आणि हे नाकारण्याची गरज नाही. तिच्या बाजूने लिहिणाऱ्या काहींना वाटतं की तिला नैराश्य होतं असं मान्य केलं तर नातेवाइकांची बाजू खरी ठरते. तसं काही नाही. माणूस खरोखर खचलेला असतो आणि त्याच वेळी त्याच्या खचण्याचा फायदाही उठवला जातो. किंबहुना फायदा उठतो तो तेव्हाच.

१९३५ मध्ये तिने बैरूतमधल्या एका डॉक्टर नातेवाइकाला आपली अवस्था कळवली. बापाच्या बाजूचा, झियादा घराण्यातलाच. १९३६ च्या सुरुवातीला तो तिला लेबननला घेऊन गेला. हवापालट होईल, माणसांत राहील, असं सांगण्यात आलं. व्यवहारांचं मुखत्यारपत्र त्याच्या नावे झालं. थोड्या दिवसांनी ती म्हणू लागली की मला कैरोला, माझ्या घरी जायचंय. मग तिला असफूरियात नेऊन ठेवलं.

असफूरिया हे बैरूतलगतच्या हाझमियेतलं मनोरुग्णालय. थिओफिल वाल्डमायर या स्विस क्वेकर मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेलं, आणि त्या प्रदेशातलं आधुनिक पद्धतीचं पहिल्या काहींपैकी एक. संस्था म्हणून तिची कामगिरी मोठी होती. पण लोकांच्या तोंडी ते नाव आपल्याकडे ठाणं किंवा येरवडा ज्या अर्थाने येतं त्याच अर्थाने यायचं. ‘तिला असफूरियात ठेवलंय’ एवढं वाक्य कैरोच्या वर्तमानपत्रांना पुरेसं होतं. पुढची चौकशी करायची गरज कुणाला वाटली नाही. मैने निषेध म्हणून अन्न सोडलं, तर नळीने भरवण्यात आलं, आणि अन्न नाकारणं हेही आजाराचंच लक्षण म्हणून नोंदलं गेलं. वेडाचा शिक्का बसला की माणसाची प्रत्येक कृती त्या शिक्क्याखाली जाते. शांत राहिली तर उदास, ओरडली तर हिंसक, जेवली नाही तर वेडी.

इथे थोडा वेळ कायद्यापाशी थांबायला हवं, कारण या प्रकरणावरच्या भावुक लेखनात हा भाग हमखास गळतो.

दोन गोष्टी एकत्र आल्या. पहिली ‘हज्र’. उस्मानी साम्राज्याच्या ‘मजल्ला’ या दिवाणी संहितेतून आलेली ही तरतूद: अज्ञान मूल, वेडा आणि मतिमंद यांचे व्यवहार कायद्याने ग्राह्य नाहीत, त्यांच्या वतीने पालक व्यवहार करणार. हेतू संरक्षणाचा. पण परिणाम असा की ज्याच्यावर हज्र आहे त्याने स्वतःसाठी वकील नेमायचा, घर भाड्याने घ्यायचं, बँकेतून पैसे काढायचे, तर सही कुणाची चालणार हाच प्रश्न. शिक्का उठवण्यासाठी लागणारी साधनंच शिक्का काढून घेतो.

दुसरी गोष्ट वारसा. लेबननमध्ये विवाह ज्या त्या धर्मपंथाच्या न्यायालयाकडे होता, वारसा मात्र तसा नव्हता. उस्मानी काळापासून मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती घरातली खासगी मालमत्ताही इस्लामी कायद्याच्या हनफी शाखेच्या नियमांनी वाटली जायची. त्या नियमात एकुलत्या एका मुलीला निम्मा हिस्सा, विधवेला एक अष्टमांश, आणि उरलेले आठपैकी तीन भाग बापाच्या बाजूच्या पुरुष नातलगांना. ती मुलगी पुढे निपुत्रिक, भावंडांशिवाय, नवऱ्याशिवाय मेली, तर तिचं सगळंच त्यांचं. म्हणजे आईवडील गेल्यानंतर मैच्या मालमत्तेचे भावी वारस आणि तिची काळजी घ्यायला कायद्याला दिसणारी माणसं, हे एकच घराणं होतं. हे मी नियमाबद्दल म्हणतोय. कुणाच्या मनात काय होतं यावर चरित्रकार अजून भांडतात. पण वाईट हेतू असेलच असं गृहीत धरलं नाही तरी ही रचना घातक आहे. जिच्या मरणाने आपला लाभ व्हायचा तिच्या शहाणपणाचा निवाडा आपण करायचा, असं कुठल्याही व्यवहारात चालवून घेतलं जाणार नाही.

बैठकीतली मंडळी कुठे होती, हा प्रश्न अरबी वाचक आजही रागाने विचारतात. राफिई मे १९३७ मध्ये वारला, मै रुग्णालयात असतानाच. त्याने तिच्यावरच्या प्रेमातून आधी पुस्तकं लिहिली होती असं मानलं जातं. अक्कादची कादंबरी १९३८ मध्ये आली. तिच्यातली हिंद ही सात्त्विक, दूरस्थ प्रेयसी मैवर बेतलेली आहे असं समीक्षक सांगतात. म्हणजे कादंबरीतली मै कैरोत छापून विकली जात होती आणि खरी मै बैरूतमध्ये आपल्या सहीसाठी झगडत होती. हे वाचून अक्कादवर चिडणं सोपं आहे. पण बैठक ही मुळात काय चीज होती ते लक्षात घ्या. त्या नात्यात कौतुक होतं, चर्चा होती, पत्रं होती, एकमेकांच्या पुस्तकांवर परीक्षणं होती. कुणी कुणाचं पालकत्व घेण्याची, कोर्टात उभं राहण्याची, घरभाडं भरण्याची तरतूद त्यात नव्हती. परक्या पुरुषाने अविवाहित बाईच्या कौटुंबिक प्रकरणात पडायचं म्हणजे तिच्या चारित्र्यावर आणखी एक चर्चा सुरू करायची. पुरुषमित्र जितके जास्त तितका प्रत्येकाचा पाय मागे. त्यात कैरो आणि बैरूत हे आता दोन वेगळे देश होते: एकीकडे इजिप्तचं राज्य, दुसरीकडे फ्रेंच मँडेट. हे सगळं समजून घेतलं तरी वीस वर्षांच्या चहाला त्यांनी थोडं जास्त जागायला हवं होतं असं मला वाटतंच.

सुटका झाली ती वेगळ्याच माणसांकडून. असफूरियातून तिला बैरूतमधल्याच एका खासगी रुग्णालयात हलवलं गेलं, आणि तिथे भेटायला येणाऱ्यांना ती भेटू लागली. अमीन रिहानी आला. ‘द बुक ऑफ खालिद’चा लेखक, अरबस्तानभर फिरून राजांच्या भेटी घेतलेला, लेबननच्या फ्रेइकेचा. त्याने स्वतः लिहून ठेवलंय की सुरुवातीला त्यानेही अफवा खरी मानली आणि भेटायला जायचं लांबवलं. भेटल्यावर मात्र तो मागे हटला नाही. फुआद हुबैशच्या ‘अल-मकशूफ’ या साप्ताहिकाने बातमी उचलून धरली. हे साप्ताहिक १९३५ मध्ये निघालं तेव्हा त्याची ख्याती चावट मजकुराची होती, साहित्यिक वळण नंतर लागलं. प्रतिष्ठित मासिकं गप्प असताना या पत्राने आवाज उठवला, याचं मला नवल वाटत नाही. ज्याला गमावण्यासारखी अब्रू कमी, तो लवकर बोलतो. वकील उभा राहिला हबीब अबू शहला, जो पुढे स्वतंत्र लेबननच्या संसदेचा अध्यक्ष झाला.

या लोकांनी एक गोष्ट अचूक ओळखली. वैद्यकीय प्रमाणपत्राला दुसऱ्या वैद्यकीय प्रमाणपत्राने उत्तर देता येतं, पण तो डॉक्टर विरुद्ध डॉक्टर असा सामना होतो, आणि शहर अफवेवरच राहतं. शिक्का सार्वजनिक होता, तर तो पुसायलाही सार्वजनिक जागा हवी. मैला जे उत्तम जमत होतं तेच तिला करायला लावायचं ठरलं. म्हणून व्याख्यान, म्हणून विद्यापीठ, म्हणून विद्यार्थ्यांचं मंडळ. विषयही हुशारीने निवडलेला. ‘माझ्यावरचा अन्याय’ असं काही तिने बोलायला घेतलं असतं तर सहानुभूती मिळाली असती आणि शंका तशीच राहिली असती. तिने स्वतःबद्दल न बोलता साहित्यिकाच्या कर्तव्याबद्दल बोलायचं ठरवलं. श्रोत्यांना जो निष्कर्ष काढायचा होता तो त्यांनी आपला आपण काढला. व्याख्यान यशस्वी झालं, वर्तमानपत्रांनी तसं छापलं, आणि १९३८ मध्येच न्यायालयाने तिच्यावरचा हज्र उठवला.

या प्रसंगाला विजय म्हणायची पद्धत आहे. मला त्यात काहीतरी खटकतं. १९१३ च्या व्यासपीठावर ती स्वेच्छेने चढली होती. १९३८ च्या व्यासपीठावर चढली नसती तर तिची सही तिला परत मिळाली नसती. एकाच बाईचं, एकाच कौशल्याचं रूपांतर परीक्षेत झालं. शिवाय ही सोय फक्त तिच्यासारखीलाच. असफूरियाच्या त्याच वॉर्डांत ज्या बायकांना अस्खलित अरबीत तासभर बोलता येत नव्हतं, ज्यांना रिहानी ओळखत नव्हता, ज्यांच्यावर कुठलं साप्ताहिक लिहिणार नव्हतं, त्यांच्यासाठी सुटकेचा हा दरवाजा नव्हता. तिला वाचवणाऱ्यांनी तिला ‘प्रतिभावान’ म्हणून वाचवलं. साधी नागरिक म्हणून, जिच्या घरावर तिचा हक्क आहे म्हणून, वाचवायची भाषा तेव्हाच्या लेबननमध्ये उपलब्धच नव्हती.

उलट बाजूही सांगायला हवी. वेस्ट हॉलमधली मै कुणाच्या घरात बोलत नव्हती. यजमान बाप नव्हता, वर्तमानपत्र बापाचं नव्हतं, पलीकडच्या खोलीत आई नव्हती. विद्यार्थी मंडळ, वकील, साप्ताहिक, न्यायालय: तिच्या सार्वजनिक आयुष्यात पहिल्यांदाच सगळे आधार घराबाहेरचे होते. त्या दृष्टीने १९३८ हे १९१३ पेक्षा पुढचं पाऊल आहे. मलकवरच्या पुस्तकात तिने बाईच्या सार्वजनिक भूमिका मोजल्या, तेव्हा त्या भूमिका कुठल्या जमिनीवर उभ्या राहतात हा प्रश्न तिने फारसा ताणला नव्हता. तो तिच्यावरच येऊन आदळला.

त्या उन्हाळ्यात ती रिहानीच्या फ्रेइकेजवळ राहिली, १९३९ मध्ये कैरोला परतली. मंगळवारची बैठक पुन्हा भरली नाही. जुने लोक भेटायला आले तर तिला फारसं भेटावंसं वाटत नव्हतं, आणि त्याबद्दल तिला दोष देणं कठीण आहे. रिहानी सप्टेंबर १९४० मध्ये सायकलवरून पडून झालेल्या दुखापतीने वारला. ऑक्टोबर १९४१ मध्ये मै गेली, कैरोलाच, पंचावन्नाव्या वर्षी. अंत्ययात्रेला बैठकीतले अगदी मोजके लोक होते. लुत्फी अल-सय्यद आणि मुतरान यांची नावं नेहमी घेतली जातात. डिसेंबरमध्ये हुदा शारावीच्या इजिप्शियन फेमिनिस्ट युनियनने शोकसभा घेतली. तिथे भाषणं पुष्कळ झाली.

नंतरचं काम अभ्यासकांनी केलं, आणि तेही एका बाईच्या चिकाटीने. सीरियन लेखिका सलमा अल-हफ्फार अल-कुझबरी अनेक वर्षं मैच्या कागदांच्या मागे होती. १९७९ मध्ये तिने सुहैल बुश्रुईबरोबर जिब्रानची मैला आलेली पत्रं संपादित करून छापली, १९८७ मध्ये दोन खंडांचं चरित्र काढलं. या पत्रांमुळे मैचं नाव पुन्हा वर आलं खरं, पण जिब्रानच्या पत्रांची मालकीण म्हणून. मलक आणि आयेशावरचे तिचे अभ्यास आजही त्या मानाने कमी वाचले जातात.

कायद्याचं पुढे काय झालं? जून १९५९ मध्ये लेबननने गैरमुस्लिमांसाठी वेगळा वारसा कायदा केला. मुलगा आणि मुलगी यांना समान हिस्सा मिळाला, आणि मुलगी हयात असताना बापाच्या बाजूच्या चुलत्यांचा वाटा संपला. मैला जाऊन तेव्हा अठरा वर्षं झाली होती. वडील गेले तेव्हा हा कायदा असता तर त्यांची मालमत्ता तिच्यात आणि आईत राहिली असती. ती स्वतः एकटी, निपुत्रिक असण्याचा प्रश्न त्यानेही सुटला नसता. तिथे नातलगच वारस राहतात, आणि बाईने वेळेवर मृत्युपत्र करणं एवढाच मार्ग उरतो. ते करायला सही लागते.